‘सत्तर लिटर’च्या टाकीत पाणी पन्नासच लिटर! औषधाचा डोस दर वेळी का चुकतो?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. माशांना पांढरे ठिपके आले. बाटलीवर लिहिलंय तसं मोजून औषध टाकलं. दोन-तीन तासांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, कोरी आणि लोच हे तळाशी राहणारे मासे तर आडवेच पडले. घाबरून निम्मं पाणी बदललं, मासे सावरले, पण ठिपके तिथेच. चार दिवसांनी पुन्हा औषध, पुन्हा तोच प्रकार. मग औषध नकली आहे इथपासून नळाचं पाणीच खराब आहे इथपर्यंत सगळे संशय घेऊन होतात. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो टाकी किती लिटरची, हा. उत्तर ठरलेलं असतं: ‘दुकानदार सत्तर म्हणाला होता.’

दुकानदार खोटं बोलत नाही. तो रिकाम्या खोक्याचं माप सांगतो. औषध मात्र पाण्यात विरघळतं, खोक्यात नाही.

आधी बाकीची कारणं तपासून घ्या, कारण सगळंच खापर लिटरवर फोडता येत नाही. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो औषध शोषून घेतो आणि डोस कितीही बरोबर असला तरी उपयोग होत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याला काही करू शकत नाही. तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणजे डोस अचूक असला तरी ठिपके काही दिवस दिसणारच. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यात औषध पडलं की मासे वर येतात, म्हणून औषधाबरोबर एअर पंप चालू हवाच.

लिटर चुकल्याची खूण वेगळी असते. त्रास दर वेळी डोसनंतर काही तासांतच होतो, औषध कुठलंही असो. शिवाय चूक नेहमी एकाच बाजूला आणि साधारण एकाच प्रमाणात असते. झाडांची टाकी असेल आणि तुम्ही खत हिशेबाने टाकत असाल, तर टेस्ट किट दर वेळी हिशेबापेक्षा जास्त नायट्रेट दाखवतं. असं दिसलं की टेप हातात घ्या.

सत्तरचे एक्कावन्न कसे होतात

आपल्याकडे खूप चालणारं माप घेऊ: दोन बाय एक बाय सव्वा फूट, म्हणजे २४ × १२ × १५ इंच. क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं दुकान, टाकी फुटांतच विकली जाते. हे माप अडीच घनफूट होतं. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून ७०.८ लिटर. दुकानदाराचे ‘सत्तर’ ते हेच.

आता काच. ही टाकी साधारण ६ मिमीच्या, म्हणजे दोन सुती काचेची असते. लांबीतून दोन काचा वजा, रुंदीतून दोन काचा वजा, तळाची एक. बाहेरून ६१ × ३०.५ सेंमी असलेली टाकी आतून साधारण ५९.८ × २९.३ सेंमी भरते. फरक क्षुल्लक वाटतो, पण नुसत्या काचेत पाच लिटरच्या आसपास जातात.

त्यानंतर पाण्याची रेषा. काठोकाठ पाणी कुणीच भरत नाही. वर झाकण असतं, मासा उडी मारतो, सिलिकॉनच्या कडेच्या खाली रेषा ठेवायची असते. काठापासून ४ सेंमी खाली पाणी धरलं तर आतली उंची ३३.५ सेंमी उरते. आता गुणाकार केला की ५८.७ लिटर येतात. टाकीत अजून एक खडाही टाकलेला नाही आणि बारा लिटर गेले.

उंची मोजताना वरून डोकावून अंदाज करू नका. पाण्यात वरून पाहिलं की खोली पाऊणच दिसते. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी समोरच्या काचेला आतून चिकटवून उभी धरा आणि आकडा बाजूने, पाण्याच्या रेषेला डोळा लावून वाचा. लांबी-रुंदी आतून मोजायला गेलात तर टेप कोपऱ्यात वाकतो आणि माप चुकतं. त्यापेक्षा बाहेरून मोजा आणि काचेची जाडी दोनदा वजा करा. काचेची जाडी वरच्या उघड्या काठावर पट्टी लावून सहज दिसते.

आता खडी. यात लोक दोन टोकं गाठतात. काही जण खडी धरतच नाहीत आणि काही जण ५ सेंमीचा थर सरळ उंचीतून वजा करतात. दोन्ही चूक, कारण खड्यांच्या फटींत पाणी असतंच. थराचा साधारण ६० टक्के भाग दगड आणि ४० टक्के पाणी, असं धरलं तर फार चुकत नाही. आपल्या टाकीत ५ सेंमीचा थर म्हणजे पावणेनऊ लिटरची जागा, त्यातली सव्वापाच लिटर खडीने अडवलेली.

याहून सोपा हिशेब वजनाचा आहे आणि मला तोच आवडतो. खडी, वाळू, बहुतेक क्वार्ट्झचे दगड, यांचं एक लिटर घन म्हणजे साधारण २.६५ किलो. म्हणून दर १० किलोमागे पावणेचार लिटर पाणी बाजूला होतं. मग खडी सपाट पसरा, मागे चढ करा, ढीग करा, काही फरक पडत नाही. विकत घेताना किती किलोच्या पिशव्या आणल्या तेवढं आठवलं की झालं. सह्याद्रीतला काळा दगड आणून ठेवला असेल तर तो बेसॉल्ट अंमळ जड असतो, त्याच्या १० किलोमागे साडेतीन लिटरच्या थोडं आत धरा. लाव्हा रॉक आणि झाडांची अॅक्वासॉइल यांना हा नियम लागू नाही. ती आतून पोकळ, सच्छिद्र असतात आणि पाणी पितात.

ड्रिफ्टवुडला वजनाचा नियम चालत नाही, आणि त्याचं आकारमान काढायला कुठलंही सूत्र नाही. पाणी भरलेल्या टाकीत ते ठेवण्याआधी पातळीवर चिकटपट्टी लावा, ठेवल्यावर पातळी किती चढली ते बघा. आपल्या टाकीत १ सेंमी म्हणजे १.७५ लिटर. एक सेंमी चढली तर लाकडाने पावणेदोन लिटर खाल्ले. लाकूड बुडून राहत नसेल तर हाताने दाबून धरा, पण मनगटाच्या वर हात बुडवू नका, नाहीतर तुमचा हातही मोजला जाईल.

या उदाहरणात खडी सव्वापाच लिटर, चार किलो दगड दीड लिटर, लहानसं लाकूड आणि आतला फिल्टर मिळून पाऊणएक लिटर. उरले ५१ लिटर.

इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. पाणी सत्तरच्या तुलनेत २८ टक्के कमी आहे, पण सत्तर धरून टाकलेला डोस २८ नव्हे, जवळजवळ ४० टक्के जास्त पडतो. आणि हे टाकी रेषेपर्यंत भरलेली असताना. उन्हाळ्यात पंख्याखाली उघडी टाकी असेल आणि पातळी ६ सेंमी उतरलेली असेल, तर आत चाळीसच लिटर उरलेत. तेव्हा सत्तरचा डोस म्हणजे पावणेदोन पट. तांबं किंवा मॅलकाइट ग्रीन असलेल्या औषधांत एवढी चूक कोरी-लोचसारख्या खवले नसलेल्या माशांना सोसत नाही. श्रिंपच्या टाकीत तर तांब्याचं औषध टाकूच नये, मग लिटर कितीही बरोबर असोत.

म्हणून आधी पाणी रेषेपर्यंत भरा, मग औषधाचा डोस.

हिशेबावर विश्वास नसेल तर पाण्यालाच विचारा

टाकी नवी असेल आणि अजून भरायची असेल तर गणित करूच नका, बादलीने मोजून भरा. फक्त बादली आधी तपासा. ‘२० लिटर’ छापलेली बादली बहुधा काठोकाठ भरली तर वीस, आणि न सांडता उचलण्याइतकी भरली तर अठरा-साडेअठरा असते. दहा बादल्यांत ही चूक बादलीभर होते. घरी वजनकाटा असेल तर रिकाम्या बादलीचं वजन घ्या, मग बरोबर १० किलो पाणी भरा आणि तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, इतकं पुरेसं अचूक आहे. वजनकाटा नसेल तर सीलबंद पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, उघडण्याआधी पाणी कुठवर आहे तिथे खूण करा आणि त्या बाटलीने बादली भरा.

खडी, दगड, लाकूड सगळं मांडून झाल्यावर, शेवटी, मोजून पाणी भरायचं. मग वजाबाकी करायला काही उरतच नाही. गोल बोल, बो-फ्रंट (पुढची काच फुगीर असलेली टाकी), कोपऱ्यातली त्रिकोणी टाकी, यांच्यासाठी तर हाच एकमेव शहाणा मार्ग. बो-फ्रंटचं गणित करायचंच असेल तर पुढच्या फुगवट्याचं क्षेत्रफळ लांबी गुणिले फुगवटा गुणिले दोन तृतीयांश धरा, जवळपास येतं.

टाकी भरलेली आणि मासे आत असतील तर पाणी बदलायच्या दिवशी हे करा. पातळीवर चिकटपट्टी, पाइपने बादलीच्या रेघेपर्यंत १० लिटर काढा, पातळी किती उतरली ते सेंमीत मोजा. आपल्या टाकीत ५.७ सेंमी उतरायला हवी. म्हणजे १ सेंमी = १.७५ लिटर. हा आकडा लिटरच्या एकूण आकड्यापेक्षाही जास्त कामाचा आहे, कारण बाष्पीभवनानं किती गेलं, पाणी किती बदललं, हे सगळं पट्टी लावून कळतं. फक्त वरच्या थरात जाड लाकूड किंवा दगडाचं टोक आलेलं नको. आलं तर पातळी जास्त उतरते आणि आकडा फसवा निघतो.

या पद्धतीने वरच्या मोकळ्या पाण्याचा हिशेब कळतो, खाली खडी-दगडांनी किती जागा खाल्ली ते कळत नाही. जुन्या, भरगच्च टाकीसाठी, जिथे दोन वर्षांपूर्वी काय-काय टाकलं हे कुणालाच आठवत नाही, तिथे मिठाची युक्ती वापरा. आरओ आल्यापासून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घरोघरी आहेच.

एक लिटर पाण्यात चार छोटे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. मीठ नेमकं किती ग्रॅम आहे याला काही महत्त्व नाही, कसं ते पुढे कळेल. पाणी बदलायच्या दिवशी टाकीतलं १० लिटर पाणी रेघ मारलेल्या बादलीत काढा आणि टीडीएस मोजा. समजा १८० आलं. त्यात या मिठाच्या पाण्याचे १०० मिलि टाका, चांगलं ढवळा, पुन्हा मोजा. समजा ३७६. वाढ १९६. ही बादली झाडांना न घालता मोरीत ओता.

आता टाकी नेहमीच्या रेषेपर्यंत क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरा, फिल्टर तासभर चालू द्या, टीडीएस मोजा. नवं पाणी आल्याने आकडा वेगळा असेल, समजा १६५. मग त्याच मिठाच्या पाण्याचे ५०० मिलि फिल्टरच्या धारेपाशी हळूहळू सोडा. दोन तासांनी मोजा. समजा ३५७ आलं, म्हणजे वाढ १९२.

टाकीत बादलीच्या पाचपट मीठ गेलं. दोन्हीकडे वाढ सारखीच असती तर टाकीत बरोबर पाचपट, म्हणजे ५० लिटर पाणी असतं. वाढ थोडी कमी आली, म्हणजे पाणी थोडं जास्त आहे. ५० गुणिले १९६ भागिले १९२, उत्तर ५१. मीटर खरा आहे की दहा टक्के जास्त दाखवतो, चमचा सपाट होता की शिगोशीग, हे सगळं दोन्ही बाजूंनी सारखंच असल्याने भागाकारात उडून जातं. खडीच्या फटींतलं, फिल्टरच्या पोटातलं, लाकडाच्या पोकळीतलं पाणीही यात आपोआप मोजलं जातं, जे पट्टीने कधीच जमत नाही.

एवढं मीठ लिटरला ०.२ ग्रॅम पडतं, गोड्या पाण्याच्या माशांना त्याने काही होत नाही. आयोडीनयुक्त मीठ चालेल का, हा प्रश्न येतोच. चालेल. मात्र तीन ठिकाणी ही युक्ती नको. समुद्री टाकीत अर्थातच नाही. नव्या अॅक्वासॉइलच्या टाकीत नाही, कारण ती माती स्वतःच क्षार घेते-सोडते आणि आकडा हलवत राहते. आणि बोअरच्या पाण्याचं टीडीएस आधीच ९००-१००० असेल तर बऱ्याच स्वस्त मीटरवर १०००च्या वर आकडा दहाच्या पटीत दिसतो, तेव्हा एवढा बारीक फरक कळत नाही. दोन्ही वेळा पाण्याचं तापमान सारखं ठेवा. सकाळची बादली आणि दुपारची टाकी अशी तुलना नको.

लिटर कळले, तरी डोस चुकतो तेव्हा

बाहेरून आलेल्या बाटलीवर ‘१० गॅलनला ५ मिलि’ असं असेल तर गॅलन कुठला ते बघा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. फरक २० टक्के. अमेरिकी बाटली असेल तर ५ मिलि डोस ३८ लिटरसाठी आहे, म्हणजे आपल्या ५१ लिटरना ६.७ मिलि. सत्तर धरून तुम्ही सव्वानऊ टाकत होतात. ६.७ मिलि बाटलीच्या झाकणाने मोजता येत नाही, मेडिकलमधून बिनसुईची १० मिलिची सिरिंज आणा. ‘इतके थेंब’ या भाषेपासून लांब राहा, ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो.

मिठाचा उपचार करणाऱ्यांची चूक वेगळ्या वाटेनं येते आणि ती लिटरची नसते. मीठ उडून जात नाही. ५१ लिटरला लिटरमागे १ ग्रॅम म्हणून ५१ ग्रॅम टाकलं, की बाष्पीभवनाची तूट नुसत्या साध्या पाण्याने भरायची, पुन्हा मीठ नाही. १३ लिटर पाणी बदललं तर त्या १३ लिटरपुरतं १३ ग्रॅमच. दर वेळी ५१ ग्रॅम टाकत गेलात तर तीन-चार पाणी बदलांत माशांचं लोणचं घालायचा बेत दिसतो. क्लोरीन काढायच्या औषधाचं मात्र वेगळं आहे. बादलीत पाणी आधी तयार करत असाल तर डोस बादलीपुरता. पाइप सरळ टाकीत सोडत असाल तर सगळ्या टाकीच्या लिटरइतका.

बाहेर कॅनिस्टर, म्हणजे डब्यासारखा बंद फिल्टर, असेल तर त्यातलं पाणी वाढवून धरा. रिकामा कॅनिस्टर जोडून सुरू केला की टाकीतली पातळी जितकी उतरते, तितके लिटर त्याच्या पोटात गेले. सम्प, म्हणजे फिल्टरसाठी जोडलेली दुसरी टाकी, असेल तर पंप चालू असताना त्यात पाणी जिथवर असतं तिथवरचंच मोजायचं, सम्पचं पूर्ण माप नाही. सम्प विसरणाऱ्यांचा डोस कमी पडतो आणि ठिपके जात नाहीत, म्हणजे वरच्या तक्रारीचा निम्मा भाग त्यांचाही असतो, फक्त कारण उलटं.

जास्त डोस पडलाच असेल तर एअर पंप पूर्ण सोडा, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी घेऊन निम्मं बदला आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन टाका. पुढचा डोस खऱ्या लिटरचा हिशेब होईपर्यंत नको.

खडी वाढवली, मोठा दगड काढला, कॅनिस्टर बदलला, की आकडा बदलतो. टाकीच्या मागच्या काचेवर पाण्याच्या रेषेपाशी एक चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने ‘५१ लि., १ सेंमी = १.७५ लि.’ एवढं लिहून ठेवा. घरातलं दुसरं कुणी औषध टाकणार असेल तर त्यांनाही विचारावं लागणार नाही.

स्टँड किंवा टेबल घेताना मात्र ५१ हा आकडा वापरू नका, तिथे तो घातकच ठरेल. पाण्याची जागा खडी-दगडांनी घेतली आणि ते पाण्यापेक्षा अडीच पटींनी जड. याच टाकीत ५१ किलो पाणी, १४ किलो खडी, ४ किलो दगड, १३ किलोच्या आसपास नुसती काच, वर लाकूड, फिल्टर, झाकण. सगळं मिळून ८५ किलोच्या घरात जातं. सुताराला किंवा फॅब्रिकेशनवाल्याला लिटर सांगूच नका, किलो सांगा, आणि त्यावर थोडं सढळ हाताने धरायला सांगा.